पाय टेकायचा नाही

६ एप्रिल २०२५, रविवार
हैदराबाद

नाना,

आपल्या घराला दार असतं तर मी ते आपटून गेलो असतो. तुम्ही निदान दचकला तरी असता. पण आपली नुसती चौकट आणि पडदा, त्यामुळं पोरगं गेलं ते तुम्हाला सकाळी मोनिकानं सांगितल्यावर कळलं. शिंगणापुरात कुणालाच दार नाही, त्याला तुमचा इलाज नाही आणि माझाही.

फोन केला की तुम्ही तो मोनिकाच्या हातात देता. मागून तुमचं खाकरणं तेवढं ऐकू येतं. म्हणून पत्र. पाकिटावर तुमचं नाव आहे, ते बहिणीकडं सरकवता यायचं नाही. गुरुजींनी पत्राच्या वर तीर्थरूप लिहायला शिकवलं होतं. मी लिहिलं आणि खोडलं. रागावलेल्या माणसाला तीर्थरूप म्हटलं की टोमणा मारल्यासारखं वाटतं.

मी चांगला आहे. टेम्पोवर माझ्याबरोबर होता तो पाथर्डीकडचा वैजनाथ, त्यानं इथं कंपनीत लावून दिलं. दोघं एका खोलीत राहतो. दवाखान्यात लागणारं सामान बनवतात. आत धुळीचा कण चालत नाही. जाताना आपल्या चपला बाहेर काढायच्या, एका बाकावर बसायचं, पाय उचलून बाकाच्या पलीकडं टाकायचे आणि कंपनीच्या पांढऱ्या चपला घालायच्या. मग पांढरा झगा, टोपी, तोंडाला फडकं, हातमोजे. डोळे तेवढे उघडे. एवढं सोवळं आपल्या चौथऱ्यावरपण नाही.

मग दोन दारं, मधी मोरीएवढी खोली. एक दार पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आता मला सांगा, जन्मात मी कधी दार लावलंय का? पुढं गेलो की गेलो, माझा हात मागं जातच नाही. भोंगा वाजला, लाल दिवा लागला, सगळी माणसं जागच्या जागी थांबली. आमच्या मॅडम आल्या.

"क्या रे, तेरे घर को दरवाजा नहीं क्या?"

मी खरं होतं ते सांगितलं. "नहीं मॅडम."

सगळे हसले, मॅडम सोडून. त्यांना वाटलं मी उलट बोलतोय. वैजनाथ मधी पडला, "पूरे गाँव को नहीं, मॅडम." तर त्या अजूनच तापल्या. शेवटी बाहेर आल्यावर त्यानं मोबाईलवर आपल्या गावाचा व्हिडिओ काढून दाखवला. मॅडमनी तो पूर्ण बघितला आणि विचारलं, "फिर कुत्ते नहीं आते?" मी म्हणालो, "आते. फळी लावते." फळीला हिंदीत काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही.

त्या दिवशीचा माल टाकून द्यावा लागला. पण मला काढलं नाही, दुसरं काम दिलं. तेही आतल्या बाजूचंच आहे, महत्त्वाचं आहे.

टाचेला काहीतरी झालंय असं मोनिका म्हणाली. काटा असेल. बघून घ्या.

कल्याण


११ मे २०२५, रविवार

नाना,

काटा नव्हता म्हणे. खिळा होता, आणि तो रुतलेला तुम्हाला कळलाच नाही. फरशीवर रक्ताचे ठसे बघून मोनिका ओरडली तेव्हा तुम्ही पाय वर करून बघितला. साखरेनं पायाची जाणीव जाते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं साखर म्हणजे चहा बिनसाखरेचा प्यायचा, एवढंच. आता ती जखम रुपयाएवढी झालीय आणि तुम्ही तिला हळद लावून पुन्हा दुकानात बसताय. तेलाच्या बाटल्या मोनिका विकेल की. रुईच्या माळा काय, कुणीपण करतं.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्याकडं जे बनतं ते नेमकं असल्या न भरणाऱ्या जखमेसाठीच आहे. मला सगळं कळतं असं नाही. काचेतून बघितलेलं आणि मॅडमना विचारलेलं सांगतो.

त्याला पॉलिमर म्हणतात. पांढरे दाणे येतात, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे. ते औषधात विरघळवतात, सुईतून ढकलतात आणि विजेच्या जोरानं त्याचा धागा ओढून घेतात. यात्रेत म्हातारीचे केस करतात ना, तसंच, फक्त गुलाबी नाही आणि गोड नाही. धागा डोळ्याला दिसतच नाही. फिरत्या रुळावर दुधावर साय धरावी तसं पांढरं काहीतरी धरत जातं. मग ती साय सोलून काढतात, तिचे तुकडे करतात, पाकिटात भरतात. पांढऱ्या चपला धुताना मी रोज काचेतून बघत बसतो. म्हणजे जाता येता.

जखमेत मांसाला धरायला काही राहिलेलं नसतं, म्हणून ती भरत नाही. ही शीट आत ठेवली की मांसाला मांडव मिळतो. आपण दोडक्याला करतो तसा. वेल मांडवावर चढतो, पसरतो. फरक एवढाच की इथं वेलानं धरलं की मांडव आपोआप विरून जातो, मागं काही राहत नाही. मॅडमनी हे इंग्रजीतून सांगितलं, मग हिंदीतून. दोडका मी माझ्या मनानं घातला. त्यांना म्हणालो तर त्या म्हणाल्या, "हाँ, वैसाच."

नगरला साखरेच्या पायाचे डॉक्टर असतात. त्यांना दाखवा आणि असली शीट मिळते का विचारा. आमच्याच कंपनीची पाहिजे असं काही नाही.

इकडं ऊन लई आहे. तिकडंपण असेल.

कल्याण


८ जून २०२५, रविवार

नाना,

तुमचा निरोप मोनिकानं तुमच्याच आवाजात सांगितला. ती तुमची नक्कल बरी करते, खाकरण्यासकट. "युरियाची गोणी शेतात गाडली तर धा वर्सांनी जशीच्या तशी निघती, आन ह्यो मला टाचंत प्लास्टिक घाला म्हनतो. कंपनीचा दलाल झालाय का त्यो?"

आधी मी हसलो. वैजनाथलापण सांगितलं. मग हसता हसता राग आला.

मोनिकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा आतले टाके कुणी काढले? कुणी नाही. तुम्हीच डॉक्टरला विचारलं होतं, टाके काढायला कधी आणू, तर तो म्हणाला, आणू नका, विरतात. तो दोरा ह्याच जातीचा. युरियाची गोणी वेगळी, हे वेगळं. सगळं प्लास्टिक एक नसतं.

हे मी कालच लिहून ठेवलं होतं. मग संध्याकाळी रतनकाकूचा फोन आला.

"काय रं कल्यान, मजेत हाय न्हवं? हैदराबादची बिर्यानी खातूस न्हवं?"

मी म्हणालो, "काकू, कसं काय?"

"मी बरी हाय. तुझा बाप अनवानी फिरतोय तुझ्यापायी, एवढंच सांगायला केला."

मला काही कळेना. तिला वाटलं मी नाटक करतोय. मग तिनं सगळं सांगितलं. मी गेलो त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्ही देवळापाशी चपला सोडल्यात आणि तसेच घरी आलात. माझी रास कुंभ. साडेसाती आहे म्हणून पोरगं कुठं ठरत नाही. त्याच्या पायाची भिंगरी जाऊ दे म्हणून सोडल्यात, आणि साडेसाती उतरेपर्यंत नव्या घ्यायच्या नाहीत असं बोललात. "समद्या गावाला ठावं हाय. तुलाच न्हाई?" असं म्हणाली ती.

नाना, लांब लांबून लोक येतात आणि आपापली पनवती टाकायला तिथं चपला सोडून जातात. तो ढीग बघून लहानपणी आम्ही हसायचो. पण प्रत्येक जण स्वतःची सोडतो. दुसऱ्याच्या साडेसातीसाठी कुणी चपला सोडतं का? असं कोणत्या पोथीत आहे? आणि साखरेचा पाय, उन्हाळ्याची डांबरी, त्यात खिळे. तुम्हाला कळत नव्हतं तर मोनिकाला तरी कळायला पाहिजे होतं. तिला तुम्ही शपथ घातली असेल.

मी नेवाशाचं गॅरेज सोडलं, सोनईचं कापडाचं दुकान सोडलं, टेम्पो सोडला. ते शनिमुळं नाही. मला तिथं करमत नव्हतं म्हणून.

इतके दिवस मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर रागावून फोन घेत नाही.

आजच्या आज चप्पल घ्या.

कल्याण


२९ जून २०२५, रविवार

नाना,

परवा तुम्ही फोन घेतलात. मला वाटलं मोनिकाच आहे, म्हणून मी "बोल गं ढमे" म्हणालो, त्याची माफी.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मोनिकाकडून कळलं होतं. जखम साफ करून शीट ठेवता येईल, पण त्यानंतर पाय जमिनीला टेकायचाच नाही, कितीतरी दिवस. आणि भरल्यावर जन्मभर पायात चप्पल, घरातसुद्धा. हे जमत नसेल तर शीट लावून उपयोग नाही. आणि नाही लावली तर ते हाडात उतरेल, मग घोट्याच्या वरून. तुम्ही त्यांना म्हणालात, पाय टेकत नाही, पण चप्पल घालणार नाही, साडेसाती अजून दोन वर्षं आहे. त्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदाच ऐकलं असेल.

तुम्ही मला एकच विचारलंत. "दिवाळीपत्तूर एका जागी ऱ्हाशील का?" राहिलो तर शनी उतरला असं समजून चप्पल घालीन, म्हणालात. मी गप्प बसलो. मग तुम्ही म्हणालात, "मंग मला बी काय सांगू नगंस," आणि फोन दिला मोनिकाकडं.

गप्प का बसलो ते लिहितो. फोनवर जमलं नसतं.

माझी बॅग भरलेली होती. वैजनाथला सुरतेला काम लागलंय, हिरे घासायचं नाही, कापडाच्या मिलमधी. माझंही तिथं बोलून ठेवलं होतं त्यानं. जाताना मी मधी दौंडला उतरून घरी येणार होतो. तुम्हाला दवाखान्यात न्यायला कुणीतरी पाहिजे, मोनिका एकटी काय काय करील? सुरतेचं ठरायच्या आधी मॅडमकडं नुसती रजाच मागितली होती. त्या म्हणाल्या, नव्या माणसाला रजा नाही, गेलास तर जागा गेली. मी म्हणालो, जाऊ दे जागा.

आणि मग तुम्ही ते विचारलंत.

मला यायचं होतं तुमच्यासाठी. पण मी आलो असतो तर तुम्ही पलंगावरून बघून म्हणाला असता, बघ, ह्येबी सोडून आलं. आणि तुमची चप्पल गेली असती पुढं. म्हणजे मी तिथं तुमच्या उशाशी बसलो तर तुमचा पाय जातो, आणि इथं बसलो तर राहतो. हा कुठला न्याय? तुमच्याशी भांडून उपयोग नाही हे मला आईनं सांगितलं होतं, तीपण थकली होती.

आज सकाळी स्टेशनवर गेलो, बॅग घेऊनच. गाडी लागलेली होती. वैजनाथ आत चढून दारात उभा राहिला.

"चढ की."

"न्हाई येत."

"कल्या, येडा झाला का? जनमभर लोकांच्या चपला धुनार व्हय हितं?"

मी बॅग फलाटावर ठेवली. तो म्हणाला, "बापाचं एवढं मनाला लावून घ्यायचं न्हाई रं. म्हातारी मानसं म्हनत्यात कायबी." गाडी हलली तेव्हा त्यानं खिशातला चार्जर काढून माझ्याकडं फेकला. तो माझाच होता.

चपलांचं काय म्हणाला त्याकडं लक्ष देऊ नका. तो काहीही बोलतो.

बॅग परत खाटेखाली सारली. मी दिवाळीपर्यंत इथं आहे. आता तुम्ही दवाखान्यात जा.

कल्याण


२४ ऑगस्ट २०२५, रविवार

नाना,

काल शनी अमावस्या होती. गर्दीचे व्हिडिओ मोबाईलवर बघितले. आपल्या दुकानापुढची रांग ओळखू आली, मोनिका दिसली नाही. ह्या अमावस्येला तुम्ही पलंगावर होतात. असं कधी झालंय का? आई गेली त्या वर्षीसुद्धा तुम्ही दुकानात होता.

तिनं टाचेचा फोटो पाठवला. बघून मोबाईल उलटा ठेवला, मग पुन्हा बघितला. आतून डाळिंबाच्या दाण्यासारखं लालभडक आलंय. ती घाबरली होती, पण डॉक्टर म्हणाले हेच पाहिजे, मांस धरतंय. शीट आता हुडकून सापडायची नाही. तिच्या पाकिटावर कंपनीचं नाव काय होतं, मी विचारलं. ढमीनं पाकीट फेकून दिलं. आमची होती का दुसऱ्याची, काही कळायला मार्ग नाही. आमची असती तर ती ज्या दिवशी बनली त्या दिवशी मी काचेच्या अलीकडं होतो, एवढं तरी म्हणता आलं असतं.

खोलीत मी एकटाच आहे. वैजनाथच्या जागी ओडिशाचा एक जण येणार होता, आला नाही. मराठी बोलायला कुणी नाही. काल भाजी चिरताना बोट कापलं आणि "आई गं" म्हणालो, तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

कंपनीतपण डोळ्यांशिवाय काही दिसत नाही कुणाचं. जेवायच्या वेळी तोंडावरचं काढलं की सगळे परके वाटतात. मॅडमनी मला परवा कँटीनमधी विचारलं, "कौन सा डिपार्टमेंट?" रोज त्यांच्या हाताखाली काम करतो मी. पण मी माणसं चपलांवरून ओळखतो. कोण टाच घासतो, कोण एका बाजूला कलून चालतो, कुणाचा अंगठा आतून पुढं येतो. मॅडमचा डावा पाय दुखत असणार, डाव्या चपलेचा तळ झिजलेलाच नाही. एवढं माहीत असून कुणाला सांगणार?

मोनिका रोज मेसेज करते, "हाय का?" मी लिहितो, "हाय." ती म्हणाली, हे विचारायला तुम्हीच लावता. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी. "ईचार त्याला, हाय का तिथंच." दिवसभरात मी कुणाशी मराठीत बोलतो म्हणाल तर तेवढाच एक शब्द.

पाय खाली टाकायला बघता म्हणे. टाकू नका.

कल्याण


२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

नाना,

दिवाळी झाली आणि मी इथंच आहे. पाडव्याला कंपनी चालू होती. जेवणात सोनपापडी दिली. बाकीची पोरं गावाला गेली, जी गेली त्यांची नावं फळ्यावरून पुसली. माझं आहे.

भाऊबीजेला मोनिकानं व्हिडिओ कॉल करून मोबाईललाच ओवाळलं. तिच्या मागं तुम्ही पलंगावर होतात, पाय उशीवर. मोबाईल तुमच्याकडं वळवला तर तुम्ही पाय दाखवलात, तोंड नाही. टाच बंद झालीय. गुलाबी दिसतेय, पोराच्या टाचेसारखी. मी काहीतरी बोलणार होतो, तर तुम्ही म्हणालात, "ठरलं ते ठरलं. आना चप्पल." एवढं बोलून तुम्ही भिंतीकडं वळलात, आणि तुम्हाला वाटलं की कॉल बंद झाला. झाला नव्हता. मोनिका म्हणत होती, "नाना, आता कशाला रडता?" तुम्ही तिच्यावर ओरडलात, "सर्दी झालीय." मी बंद केला मग.

चप्पल मी दिवाळीच्या आधीच इथून घेऊन ठेवली होती. डॉक्टरांनी सांगितली तसलीच, तळ मऊ रबराचा, अंगठ्यात अडकवायची नाही, मागं पट्टा. मोनिकानं वहीच्या कागदावर तुमचा पाय ठेवून पेन्सिलनं माप काढून पाठवलं होतं, ते घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, नंबर सांगा. मी कागद पुढं केला. त्यानं एक जोड काढला, पण कागदावरच्या मापावर त्याचा भरवसा बसेना. म्हणाला, पाय आणा. मग मीच माझा पाय कागदावर ठेवला. रेघेच्या बाहेर कुठं आला नाही, आत कुठं राहिला नाही.

घेऊन आठवडा झाला आणि अजून पाठवली नाही, म्हणून तुम्ही मोनिकाला दोनदा विचारलंत. मुद्दाम ठेवलीय. नवी चप्पल चावते. दुसऱ्या कुणाला चावली तर तो काढून फेकील. तुम्हाला कळायचंच नाही, फरशीवर रक्त दिसेपर्यंत तुम्ही चालत राहाल. म्हणून मी घालतोय. कामावरून आलो की खोलीतच फेऱ्या मारतो, खिडकीपासून मोरीपर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी घोट्याला डाव्या पट्ट्याची शिवण लागली, फोड आला. कोपऱ्यावर चपला शिवणारा बसतो, त्याच्याकडून ती शिवण ठोकून आत बसवून घेतली. मग उजवी टाचेला घासायला लागली, ती खोबरेल लावून मऊ केली. आता फक्त करंगळीपाशी थोडी चावते.

तिथली चावायची थांबली की पाठवतो.

कल्याण